खाडी, खदान आणि उन्हाळ्याची सुट्टी

वार्षिक परीक्षा आटोपून महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकालपत्रे हाती पडली, की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तिन्ही नगरांतील मुलांचा दिवस एकाएकी मोकळा होतो, आणि जूनच्या मध्यावर शाळेची घंटा पुन्हा वाजेपर्यंत तो मोकळाच राहतो. आईवडिलांचा दिवस मात्र मोकळा होत नाही. सकाळची लोकल ठरलेल्या वेळी पकडावीच लागते, कचेरीची हजेरी चुकवता येत नाही, आणि संध्याकाळी परतीच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असते. मुलांच्या मोकळ्या दिवसात आणि मोठ्यांच्या बांधलेल्या दिवसात पडलेल्या या अंतरातच सुट्टीतील बहुतेक अपघात घडतात. आणि ते कसे घडतात, कोठे घडतात व कशाने टळतात, याविषयीचे ज्ञान आज पुरेसे उपलब्ध असताना ते घरोघर पोहोचलेले नसावे, ही गोष्ट मनाला फार लागते.

या प्रदेशाची रचनाच प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ठाणे हे तलावांचे शहर. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी ही नावे तेथील मुलांना पाढ्यांइतकीच परिचित आहेत. शहराच्या पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस येऊरचे अरण्य, आणि उत्तरेकडे घोडबंदरच्या बाजूने समुद्राकडे जाणारे उल्हास नदीचे विस्तीर्ण मुख. कल्याण तर वसलेलेच उल्हासच्या काठी. दुर्गाडीच्या किल्ल्याखालून वाहणाऱ्या याच पाण्यावर एके काळी गलबतांचा व्यापार चालत असे. डोंबिवलीच्या पश्चिम कडेला मोठागावची खाडी व तिवरांचे रान आहे, आणि दक्षिण-पूर्वेकडे जी गावे आज महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतात, त्यांच्या टेकड्या दगडासाठी फोडून फोडून जागोजाग खोल खड्डे झालेले आहेत. अशा प्रदेशात मुलाला पाण्यापासून दूर ठेवणे हा सुरक्षेचा उपाय म्हणून सांगितला जातो, तेव्हा सांगणाऱ्याने नकाशा पाहिलेला नसतो असेच म्हणावे लागते. येथे कोणत्याही घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर कोठले ना कोठले पाणी आहेच, आणि मे महिन्याच्या काहिलीत ते मुलाला हाक मारल्याशिवाय राहत नाही.

दिनांक ७ मे २०२२ रोजी डोंबिवलीजवळच्या संदप गावालगतच्या खदानीत एकाच कुटुंबातील पाच जण बुडून मरण पावले: दोन स्त्रिया आणि तीन मुलगे. परिसरात पाण्याची टंचाई होती, म्हणून घरातील सासू-सुना कपडे धुण्यासाठी खदानीवर गेल्या होत्या आणि सुट्टी असल्यामुळे मुलेही बरोबर गेली होती. मुलांपैकी एकाचा पाय घसरला, त्याला वाचवायला दुसरे धावले, त्यांच्या मागोमाग मोठी माणसे उतरली, आणि कोणीच परत वर आले नाही. महापालिकेच्या अग्निशामक दलाला शेवटी पाचही देह बाहेर काढावे लागले. ही घटना मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण उन्हाळ्यातील बालसुरक्षेविषयी आपण जे काही गृहीत धरून बसलो आहोत, त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिने खोटी ठरवली आहे. मुले एकटी असतात तेव्हाच बुडतात, असे आपण समजतो. येथे घरातील मोठी माणसे हाताच्या अंतरावर होती. मुले खोडसाळपणाने बुडतात, असे समजतो. येथे निमित्त कपडे धुण्याचे होते. आणि मुलांची सुरक्षा ही आईबापांच्या सावधगिरीची बाब आहे, असे तर आपण सर्वांत ठामपणे समजतो. परंतु ज्या घरी नळाला पुरेसे पाणी येत नाही, त्या घरच्या आईने कितीही सावध राहायचे ठरवले, तरी धुण्याचे गाठोडे घेऊन तिने जावे कोठे?

संदप हे त्या प्रसिद्ध २७ गावांपैकी एक. ही गावे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत १९८३ साली आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट झाली. या येण्याजाण्याच्या राजकारणात तेथील इमारती भराभर उंच झाल्या, पण पाण्याची तक्रार काही मिटली नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की मे महिन्यातील मुलांच्या जीविताचे रक्षण हा विषय आरोग्य विभागाचा वा शिक्षण विभागाचा जितका आहे, तितकाच तो पाणीपुरवठा विभागाचा व महसूल खात्याचाही आहे.

खदान इतकी घातक का, हे समजून घेण्यासारखे आहे. नदीचा किंवा तळ्याचा काठ सहसा हळूहळू उतरत जातो. गुडघाभर, कमरेभर, छातीभर अशा पायऱ्यांनी पाणी माणसाला सूचना देत जाते आणि परत फिरायला अवधी देते. खदानीला असा उतारच नसतो. आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड सुरुंग लावून उभ्या भिंतींत फोडला जातो. त्यामुळे काठापासून दोन पावलांवर घोट्याएवढे पाणी आणि तिसऱ्या पावलावर दोन-तीन पुरुष खोली, असा प्रकार असतो. काम बंद पडल्यावर पावसाने भरलेल्या या खड्ड्याच्या दगडांवर शेवाळ धरते व तळाशी दगडाच्या भुकटीचा गाळ साचतो. वरचे पाणी उन्हाने कोमट झालेले असले, तरी काही हातांखालचे पाणी चांगलेच थंड असू शकते, आणि अंगाला एकदम बसणाऱ्या त्या थंडीने मुलाचा श्वास चुकतो. घसरलेल्याला धरायला बोटभर कंगोरा मिळत नाही. आणि काठावरून हात देणाऱ्याचे पाय त्याच शेवाळावर असतात. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा असे बुडण्याचे प्रकार खदानीत घडतात, त्याचे कारण हे आहे.

दगडाच्या खाणीला परवाना देणे, स्वामित्वधन वसूल करणे आणि उत्खननावर नजर ठेवणे हे अधिकार तहसीलदारापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंतच्या महसुली यंत्रणेकडे आहेत, आणि उघड्या खाणीच्या काठाला कुंपण असावे हे खाणकामाच्या नियमांना नवे नाही. तरीही दगड संपला, ठेकेदार गेला, की खड्डा बेवारस होतो. दफ्तरात त्याची नोंद बंद होते आणि जमिनीवर तो उघडा राहतो. ‘पाणी खोल आहे, पोहण्यास मनाई’ असा फलक लावून जबाबदारी संपत नाही, कारण ज्याचा जीव जायचा तो सहा-आठ वर्षांचा मुलगा फलक वाचायला थांबत नाही. कुंपण, धुणे धुण्यासाठी उथळ व सपाट बांधलेली जागा, आणि काठावरच्या खांबाला कायम टांगलेला लांब दोर व हवेची ट्यूब, एवढ्या तीन गोष्टींचा खर्च कोणत्याही नगरपालिकेला झेपण्यासारखा आहे.

खाडीचा धोका निराळ्या जातीचा आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत उल्हासच्या पाण्याला समुद्राची भरती-ओहोटी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांतील अंतर या किनाऱ्यावर चार मीटरांच्याही पुढे जाते. ओहोटीच्या वेळी जेथे मुले चिखलात खेकडे शोधत होती, तेथे काही तासांत डोक्यावर पाणी येते. आणि ओहोटी लागली की हेच पाणी अरुंद वाटांतून इतक्या ओढीने निघते, की चांगला पोहणाराही काठाला लागू शकत नाही. यात माणसाने आपल्या हाताने भर घातली आहे. मुंब्र्यापासून कल्याणपर्यंतच्या रेतीबंदरांवर वर्षानुवर्षे सक्शन पंपांनी रेती उपसली गेल्यामुळे पात्राच्या तळाशी खोल खड्डे पडले आहेत आणि ते दर हंगामात जागा बदलतात. गेल्या वर्षी जेथे पाय टेकत होते, तेथे यंदा टेकतीलच असे नाही. काठावर राहणाऱ्या कोळी व आगरी घरांतील जुन्या माणसांना पाण्याची ही चाल ठाऊक असते आणि ती आपल्या नातवंडांना सांगतातही. परंतु नव्या संकुलात तिसाव्या मजल्यावरून खाडीचे केवळ दर्शन घेणाऱ्या कुटुंबातील मुलाला ते सांगणारे कोणीच नसते.

शहरातील तलाव त्या मानाने सौम्य, कारण त्यांच्यावर वर्दळ असते. तरीही नौकाविहाराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीटच नव्हते. ठाण्याच्या तलावपाळीवर किंवा अन्यत्र मुलाला नावेत बसवताना जाकीट त्याच्या मापाचे आहे ना, त्याचे बंद आवळलेले आहेत ना, हे आईबापांनी स्वतः पाहावे, आणि मोठ्यांचे सैल जाकीट मुलाच्या गळ्यात घालून वेळ मारून नेली जात असेल, तर नावेतून निमूटपणे उतरावे. सैल जाकीट पाण्यात वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते.

मग मुलांनी पाण्यात जायचेच नाही काय? जायचे, आणि शिकून जायचे. मागच्या पिढीतील किती तरी माणसे आजोळच्या विहिरीत पोहायला शिकली. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा, पुढे पुढे पत्र्याचा रिकामा डबा आला, आणि कोणी मामा किंवा काका मुलाला सरळ विहिरीत ढकलून देई. या पद्धतीची आठवण सांगताना लोक भोपळ्याचे कौतुक करतात. परंतु तिचे खरे बळ भोपळ्यात नव्हते. काठाच्या पायरीवर उघड्या अंगाने, दुसरे कसलेही काम हाती न घेता, त्या मुलावर डोळा ठेवून बसलेला तो मामा हेच तिचे बळ होते. आज ठाण्यात मारोतराव शिंदे तरण तलाव आहे, कळव्यात यशवंत रामा साळवी तरण तलाव आहे, डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडासंकुलाचा तलाव आहे, आणि मोठ्या संकुलांतून खासगी तलावांची तर रेलचेल आहे. भोपळ्याची जागा रंगीत हवाभरल्या चाकांनी घेतली. पायरीवरचा मामा मात्र पुष्कळदा हातातल्या मोबाईलमध्ये गुंतलेला असतो. हवाभरले चाक हे खेळणे आहे, ते उलटले की मुलाचे डोके खाली आणि पाय वर होतात, ही गोष्ट ते विकत घेताना कोणी सांगत नाही.

बांगलादेशाचे उदाहरण या बाबतीत मोठे उद्बोधक आहे. नद्या, तळी आणि डबकी यांनी भरलेल्या त्या देशात बुडून मरणाऱ्या बालकांची संख्या भयावह होती. संशोधकांनी पाहिले तो लहान बालके मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात बुडतात, म्हणजे आई स्वयंपाकपाण्यात गुंतलेली असते तेव्हा. त्यांनी दोन उपाय योजले. पाच वर्षांखालील मुलांसाठी नेमक्या त्याच वेळात गावोगाव ‘आंचल’ नावाची पाळणाघरे चालवली, आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांना गावच्याच तळ्यात, बांबूच्या सुरक्षित चौकटीत, पोहणे शिकवले. दोन्ही उपायांनी मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. तेथे शिकवलेले पोहणे स्पर्धेचे नव्हते, तर जीव वाचवण्याचे होते: पाण्यात पडल्यावर वळून काठाकडे येणे, उताणे होऊन तरंगत राहणे, आणि दुसरा बुडत असेल तर आपण न उतरता त्याला काठी किंवा दोर देणे. आपल्या उन्हाळी पोहण्याच्या वर्गांत चार प्रकारचे हात मारणे शिकवले जाते, त्याआधी या तीन गोष्टी शिकवल्या जाव्यात, आणि शेवटच्या दिवशी एकदा तरी अंगावरच्या नेहमीच्या कपड्यांनिशी मुलाला पाण्यात उतरवून त्या करून घेतल्या जाव्यात. कारण खाडीत किंवा खदानीत पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. थोड्या मोठ्या मुलांना आणखी एक ताकीद द्यावी: पाण्याखाली श्वास रोखून धरण्याच्या पैजा लावू नयेत. त्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतल्याने श्वास घेण्याची शरीराची निकड दबून जाते आणि उत्तम पोहणारा मुलगाही कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली शुद्ध हरपतो.

बुडणारे मूल ओरडत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रपटांनी आपल्याला शिकवले आहे, की बुडणारा हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणून हाका मारतो, पाणी उडवतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षकाचे काम करणारे फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास प्रत्यक्ष बुडणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून दाखवून दिले, की खरे बुडणे बहुधा निःशब्द असते. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असते, तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा की हाक मारायची, यात शरीर श्वासाची निवड करते. हात वर न जाता पाणी दाबण्यासाठी दोन्ही बाजूंना पसरतात. शरीर उभे राहते, पाय हलत नाहीत. हे साधारण वीस सेकंदांपासून एक मिनिटापर्यंत चालते आणि मग मूल खाली जाते. पाचसहा मोठी माणसे काठावर गप्पा मारत असताना, त्यांच्यादेखत मूल बुडू शकते ते यामुळे. सर्वांचे लक्ष आहे असे प्रत्येकाला वाटते, म्हणून कोणाचेच नसते. तेव्हा सहलीला, शेतघरावर किंवा संकुलाच्या तलावावर चार कुटुंबे एकत्र जमली, की पाळीपाळीने एकाच माणसाचे नाव घेऊन सांगावे: ‘भाऊजी, आता अर्धा तास मुलांकडे तुम्ही बघायचं, तुमच्यानंतर मी.’ त्या अर्ध्या तासात त्या माणसाने ना ताट हाती घ्यावे, ना फोन.

पाण्यानंतर ऊन. येथे कोकणपट्टीतील माणसांची एक घातक समजूत आहे, की उष्माघात हा विदर्भाचा आजार. चंद्रपूर-नागपूरला पारा पंचेचाळिशीला टेकतो, आपल्याकडे तो चाळिशीच्या आतच असतो, मग आपल्याला काय भय? १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंचा समुदाय भर उन्हात बसला होता. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते, आणि त्या उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. ती मोठी माणसे होती. पण कारण समजून घेतले, तर मुलांविषयीची चिंता अधिकच वाढते. शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. एक लिटर घाम पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते; परंतु खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो, पाणी तेवढे जाते आणि उष्णता अंगातच राहते. म्हणूनच भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेचे निकष ठरवताना सपाट प्रदेशासाठी ४० अंशांची मर्यादा धरली, तर किनारपट्टीसाठी, सरासरीहून साडेचार अंशांची वाढ असल्यास, ३७ अंशांचीच. मुलांच्या बाबतीत आणखी भर अशी, की मोठ्यांच्या मानाने त्यांना घाम कमी येतो, आणि खेळात रंगल्यावर तहान लागल्याचे त्यांना भानच राहत नाही.

म्हणून भागशाळा मैदानावर, सुभाष मैदानावर किंवा दादोजी कोंडदेव क्रीडागृहात चालणारी शिबिरे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आटोपावीत आणि संध्याकाळी पाचनंतरच पुन्हा भरावीत. पहिला आठवडा हलक्या मेहनतीचा असावा. चार महिने अभ्यासाला बसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावणारा प्रशिक्षक मुलाच्या शरीराला उन्हाची सवय होऊ देत नाही, आणि ती सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. अलीकडे घोडबंदर रस्त्यापासून कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची मैदाने, ज्यांना सर्व मुले ‘टर्फ’ म्हणून ओळखतात, फार झाली आहेत. हे प्लास्टिकचे गवत उन्हात ६० अंशांच्याही वर तापू शकते. दुपारची वेळ स्वस्तात मिळते म्हणून मुले वर्गणी काढून तीच वेळ घेतात. आईबापांनी वर्गणीत थोडी भर घालून संध्याकाळची वेळ घेऊन द्यावी, त्याहून चांगला खर्च या सुट्टीत दुसरा नाही.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी द्यावे. त्याच्या जोडीला पन्हे, कोकमाचे सरबत, मीठ घातलेले पातळ ताक ही आपल्या घरातील पेये उत्तम आहेत. जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर मात्र जलसंजीवनीच हवी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिश्रणाने पटकीच्या हजारो रुग्णांचे प्राण वाचवले होते, इतके त्याचे सामर्थ्य आहे. मूल मलूल झाले, डोके दुखते म्हणाले, पोटऱ्यांत गोळे आले, तर खेळ थांबवून सावलीत न्यावे. पण ते असंबद्ध बोलू लागले, त्याचा तोल जाऊ लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. मग अंगाला घाम आहे की नाही, हे पाहत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा. शुद्ध नीट नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये.

बंद मोटार हा उन्हाचाच एक प्रकार आहे. २०२४ च्या एप्रिलात मुंबईच्या अँटॉप हिल भागात बेवारस उभ्या असलेल्या मोटारीत खेळायला शिरलेली दोन लहान भावंडे आत अडकून दगावली. उन्हात उभ्या मोटारीचे तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तिप्पट वेगाने तापते. आपल्या सोसायट्यांच्या आवारात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या गाड्या असतात. त्या हलवाव्यात, निदान त्यांचे दरवाजे कुलूपबंद करावेत, आणि मूल सापडेनासे झाले तर प्रथम पाण्याची टाकी व मग गाड्या पाहाव्यात.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. ज्या मार्गावर १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत गाडी धावली, त्याच्या वरच्या तारांतून आज २५,००० व्होल्टांचा प्रवाह वाहतो. यार्डात उभ्या मालडब्यावर चढलेल्या मुलाला तारेला स्पर्श न करताही, नुसते जवळ गेल्यानेच, तो गाठू शकतो. भटका कुत्रा चावला किंवा त्याचे नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. मुले रागावण्याच्या भीतीने ही गोष्ट लपवतात, म्हणून ‘सांगितलंस तर कोणी रागावणार नाही’ हे आधीच सांगून ठेवावे. येऊर, माहुली किंवा मलंगगडाकडे नेणाऱ्या साहस-शिबिरांसाठी राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ साली धोरण जाहीर केले असून नोंदणी व सुरक्षेच्या अटी घातल्या आहेत. पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचा दाखला पाहायला मागण्यात कसलाही संकोच नको. मुक्कामी शिबिरात मुलामुलींसोबत रात्री कोण असणार, त्यांची नावे काय, आणि मूल घरी फोन करू इच्छील तेव्हा करू शकेल ना, हेही विचारावे. उत्तर देताना जो संचालक नाराज होतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक यांची माहिती दहा वर्षांच्या मुलाला सोप्या शब्दांत देता येते.

आता पुन्हा पाण्याकडे वळतो, कारण प्रसंग आलाच तर काय करावे, याविषयीचे आपले अज्ञान खदानीइतकेच खोल आहे. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः उडी टाकू नये. संदपला जे झाले ते याच ऊर्मीने झाले, आणि ती ऊर्मी कितीही उदात्त असली, तरी तिने बुडणाऱ्यांची संख्या वाढते. काठावर पालथे पडून काठी, ओढणी किंवा साडी टाकावी. दूर असेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन दोराला बांधून फेकावा. त्याच वेळी कोणाला तरी १०१ किंवा ११२ ला फोन करायला पाठवावे. मूल बाहेर आले, की आपल्याकडे त्याला पाय धरून उलटे टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. यातील काहीही करू नये. पोट दाबल्याने जठरातील पाणी व अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते, आणि मोलाची मिनिटे फुकट जातात. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला, की अवघ्या चार-सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. मूल श्वास घेत नसेल, तर त्याला कठीण जमिनीवर उताणे ठेवून हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने प्रथम पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी जोराने व भराभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. हे कागदावर वाचून येत नाही. एका सकाळी तासाभराच्या शिक्षणाने येते, आणि प्रत्येक सोसायटीने एप्रिलच्या एखाद्या रविवारी जाणत्या डॉक्टरांना किंवा अग्निशामक दलाच्या जवानांना बोलावून आपल्या रहिवाशांना, आजी-आजोबांना आणि पहारेकऱ्यालाही ते करून दाखवायला लावावे. दुपारी दोन वाजता इमारतीत असतात ती हीच माणसे. मूल श्वास घेऊ लागले, डोळे उघडून बोलू लागले, तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याने आलेली सूज काही तासांनी श्वास कोंडू शकते, आणि तोवर ते मूल घरी अंथरुणावर झोपवले गेलेले असते.